इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ (१९७७-२००९) : नामांतर, सीमांतर आणि प्रतिनिधित्व यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हा लोकसभा मतदारसंघ १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत अस्तित्वात होता. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने तो संपुष्टात आला आणि त्याच्या बऱ्याच भूभागावर हातकणंगले हा मतदारसंघ उभा राहिला. मात्र हातकणंगले हे नावही नवे नव्हते. १९६२ ते १९७७ या काळात याच परिसराचा मतदारसंघ त्याच नावाने ओळखला जात होता. प्रस्तुत शोधनिबंधात या नामांतराचा व सीमांतराचा कालक्रमाने मागोवा घेतला असून, मतदारसंघ रद्द झाल्यानंतर प्रतिनिधित्वाच्या परंपरेतील काय टिकते आणि काय नष्ट होते, या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे गाव निरीक्षणाचे स्थान म्हणून घेतले आहे.

बीजसंज्ञा : मतदारसंघ पुनर्रचना, इचलकरंजी, हातकणंगले, वारणा खोरे, सहकार, ऊस, यंत्रमाग, प्रतिनिधित्व.

प्रस्तावना

राजकीय इतिहासाच्या लेखनात व्यक्ती, पक्ष, चळवळी आणि निवडणुकांचे निकाल यांना महत्त्वाचे स्थान मिळते. मतदारसंघाकडे मात्र बहुधा निकालाच्या तक्त्यातील एक रकाना म्हणून पाहिले जाते. वास्तविक मतदारसंघ ही कायद्याने निर्माण केलेली, परंतु लोकव्यवहारात रुजणारी संस्था आहे. तिला सीमा असतात, नाव असते, केंद्रस्थान असते आणि कालांतराने तिची स्वतःची राजकीय स्मृतीही तयार होते. ज्या दिवशी पुनर्रचनेचा आदेश निघतो, त्या दिवशी ही संस्था एका अधिसूचनेने संपते. गाव, शिवार, नदी आणि मतदार तेथेच राहतात, परंतु त्यांचा राजकीय पत्ता बदलतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व आणि उत्तर भागाने हा अनुभव स्वातंत्र्योत्तर काळात अनेकदा घेतला आहे. पंचगंगा, वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या काठचा हा प्रदेश ऊस, दूध, सूतगिरण्या व यंत्रमाग यांच्यामुळे महाराष्ट्राच्या सहकाराच्या नकाशावर ठळकपणे दिसतो. या प्रदेशातून लोकसभेवर कोण गेले, याची नोंद सहज उपलब्ध आहे. पण तो प्रतिनिधी नेमका कोणत्या सीमेतील लोकांचा होता आणि ती सीमा कोणत्या कारणाने आखली गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) इचलकरंजी लोकसभा मतदारसंघाच्या निर्मितीपूर्वीची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) १९७७ ते २००९ या काळातील प्रतिनिधित्वाचे स्वरूप अभ्यासणे.
३) २००८ च्या पुनर्रचनेने झालेल्या सीमाबदलाचे परिणाम तपासणे.
४) मतदारसंघाच्या इतिहासलेखनासाठी गाव हा घटक किती उपयुक्त ठरतो, याचा विचार करणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून घटनात्मक तरतुदी, पुनर्रचनेचे कायदे व आदेश आणि निवडणुकांचे जाहीर निकाल यांचा आधार घेतला आहे.

१. पूर्वपीठिका : दोन सदस्यांच्या मतदारसंघापासून हातकणंगलेपर्यंत

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानी प्रजेला नागरिकत्वाचा आणि पुढे प्रौढ मताधिकाराचा हक्क मिळाला. इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा यांसारख्या जहागिरींच्या मुलखातील रयत आणि थेट दरबारच्या अमलाखालील रयत आता एकाच मतदार यादीत आली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या भागासाठी ‘कोल्हापूर-सातारा’ असा जोडनावाचा मतदारसंघ होता. त्यातून दोन सदस्य निवडले गेले. सर्वसाधारण जागेवर शिक्षणक्षेत्रात नावाजलेले बाळासाहेब खर्डेकर हे अपक्ष म्हणून निवडून आले, तर अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर काँग्रेसचे कृ. ल. मोरे विजयी झाले. काँग्रेसच्या सर्वदूर वर्चस्वाच्या त्या काळात एका प्राध्यापकाने अपक्ष म्हणून मिळविलेले हे यश या भागातील स्वतंत्र राजकीय वृत्तीचे द्योतक म्हणावे लागेल.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या छायेत झाली. कोल्हापूर हा मतदारसंघ याही वेळी दोन सदस्यांचा होता. त्यातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शं. खं. दिघे हे दोघे निवडून आले. एकाच मतदारसंघातून शेतकरी चळवळीचा व दलित चळवळीचा प्रतिनिधी एकाच वेळी संसदेत जाणे, ही त्या निवडणुकीची लक्षणीय बाब होय.

दोन सदस्यांच्या मतदारसंघांची पद्धत १९६१ च्या कायद्याने रद्द करण्यात आली. परिणामी १९६२ च्या निवडणुकीसाठी मोठे मतदारसंघ विभागले गेले आणि कोल्हापूरबरोबर हातकणंगले हा एकसदस्यीय मतदारसंघ दिसू लागला. हातकणंगले हे तालुक्याचे ठिकाण असून १८९१ मध्ये सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वसलेले आहे. येथून १९६२ मध्ये काँग्रेसचे कृष्णाजी लक्ष्मण मोरे निवडून आले. १९६७ मध्ये कोल्हापूरच्या राजघराण्यातील विजयमाला राजाराम छत्रपती भोसले या शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने विजयी झाल्या. १९७१ मध्ये काँग्रेसचे दत्ताजीराव कदम निवडून आले. इचलकरंजीत १९८२ मध्ये स्थापन झालेली तंत्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या तीन निवडणुकांत तीन वेगवेगळे प्रवाह दिसतात. पहिल्यात जुन्या काँग्रेस संघटनेचा, दुसऱ्यात राजघराण्याविषयीचा आदर आणि डाव्या शेतकरी राजकारणाचा संयोग, तर तिसऱ्यात उद्योग व सहकार यांतून पुढे आलेल्या नेतृत्वाचा प्रभाव आहे. पहिल्या हातकणंगले मतदारसंघाला कायमस्वरूपी असा एकही प्रतिनिधी लाभला नाही. पंधरा वर्षांत तो कोणा एका घराण्याचा किंवा एका पक्षाचा झाला नाही, ही बाब पुढील काळाशी तुलना करताना महत्त्वाची ठरते.

२. १९७७ : नगराच्या नावाचा मतदारसंघ

१९७१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या पुनर्रचनेत महाराष्ट्रातील लोकसभेच्या जागा ४५ वरून ४८ झाल्या. नव्या रचनेनुसार पहिली निवडणूक १९७७ मध्ये झाली. हातकणंगले हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि त्याच्या जागी इचलकरंजी हे नाव आले. कोल्हापूर जिल्ह्यातील विधानसभेचे बारा मतदारसंघ कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन लोकसभा मतदारसंघांत विभागले गेले.

हे नामांतर वरकरणी किरकोळ वाटते, कारण इचलकरंजी हे शहर हातकणंगले तालुक्यातच होते. तथापि दोन नावांमागील तत्त्वे भिन्न आहेत. हातकणंगले हे महसुली प्रशासनाचे केंद्र, तर इचलकरंजी हे उद्योगाचे. घोरपडे घराण्याच्या या जहागिरीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात या उद्योगाला अनुकूल वातावरण मिळाले. पुढे सहकारी सूतगिरण्या, प्रक्रिया गृहे व बँका यांच्या जोरावर हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. यानंतर तीनच वर्षांनी या शहराचे नाव लोकसभेच्या मतदारसंघाला मिळाले. लोहमार्ग ज्या गावातून जात नव्हता, तरीही ज्याची अर्थव्यवस्था तालुक्याच्या ठिकाणापेक्षा कितीतरी मोठी झाली होती, त्या गावाचे महत्त्व या नावाने अधोरेखित झाले.

पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे राजाराम शंकरराव माने ऊर्फ बाळासाहेब माने निवडून आले. आणीबाणीनंतरच्या या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. जनता पक्षाला १९, तर शेतकरी कामगार पक्षाला ५ जागा मिळाल्या होत्या. शेजारच्या कोल्हापूर मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई विजयी झाले. अशा प्रतिकूल परिस्थितीतही इचलकरंजीची जागा काँग्रेसकडे राहिली. त्यानंतर १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशा आणखी चार निवडणुकांत बाळासाहेब माने विजयी झाले. सलग पाच वेळा एकाच व्यक्तीने प्रतिनिधित्व करण्याचा हा काळ म्हणजे या मतदारसंघाच्या आयुष्यातील जवळजवळ दोन दशके होत.

३. ऊस, सूत आणि संसद

इचलकरंजी मतदारसंघाच्या राजकारणाचा पाया दोन पिकांवर होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. एक पीक शेतात येत होते आणि दुसरे मागावर. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी उसाची शेती होती व तिच्याभोवती सहकारी साखर कारखान्यांचे जाळे विणले गेले होते. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला पंचगंगा कारखाना, शिरोळचा दत्त कारखाना आणि कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्या नेतृत्वाखालील हुपरी परिसरातील जवाहर कारखाना ही त्याची ठळक उदाहरणे होत. संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या रत्नाप्पाण्णांपासून पुढच्या पिढीतील कारखान्यांच्या अध्यक्षांपर्यंत राजकीय नेतृत्वाचा मार्ग सहकारातून जात होता. कारखान्याचा सभासद, दूध संस्थेचा सभासद, सेवा सोसायटीचा कर्जदार आणि मतदार ही चारही नाती एकाच घरात, बहुधा एकाच व्यक्तीत एकवटलेली असत.

दुसरे पीक सुताचे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापड उत्पादनाचा मोठा वाटा यंत्रमागांकडे वळला आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या प्रक्रियेला अधिक चालना मिळाली. भिवंडी आणि मालेगावप्रमाणे इचलकरंजीलाही त्याचा लाभ झाला. म्हणजेच ज्या काळात इचलकरंजी हे नाव लोकसभेत होते, तोच काळ यंत्रमागाच्या विस्ताराचा होता. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडणे योग्य ठरणार नाही. तथापि सुताचे भाव, निर्यातीचे नियम, अबकारी कर, तंत्रज्ञान सुधारणेसाठी १९९९ मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना आणि १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आलेली जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत हे सर्व प्रश्न दिल्लीशी निगडित होते. उसाचा किमान भाव केंद्र सरकार ठरवीत असे आणि कापडाचे धोरणही केंद्राचेच होते. त्यामुळे या मतदारसंघात खासदाराचे पद केवळ मानाचे नव्हते, तर त्याला थेट आर्थिक अर्थ होता.

या दोन अर्थव्यवस्थांचे हितसंबंध नेहमीच जुळणारे नव्हते. ऊस उत्पादक हा जमिनीचा मालक होता व कारखान्याचा भागधारकही. यंत्रमाग कामगार मात्र बहुतांशी भूमिहीन, परगावाहून वा परप्रांतातून आलेला आणि सहकाराच्या सभासदत्वाबाहेरचा होता. त्यामुळे नाव शहराचे असले, तरी मतदारसंघाच्या सत्तेची गणिते प्रामुख्याने उसाच्या पट्ट्यात मांडली जात. हातकणंगले तालुक्यातील रुकडीचे माने घराणे व इचलकरंजीचे आवाडे घराणे यांच्यातील पुढील काळातील स्पर्धेला ही पार्श्वभूमी आहे.

४. १९९६ ते २००४ : सत्तास्पर्धेचे नवे रूप

१९९६ मध्ये काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे निवडून आले आणि १९९८ मध्ये त्यांनी जागा राखली. सूतगिरणी, साखर कारखाना, बँक आणि शिक्षण संस्था यांचा समन्वय साधणारे हे नेतृत्व होते. ज्या शहराचे नाव मतदारसंघाला होते, त्या शहराचा माणूस प्रथमच या नावाने लोकसभेत गेला, असे या दोन निवडणुकांचे वर्णन करता येईल.

जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली आणि पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसचा पाया दुभंगला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत इचलकरंजी आणि कोल्हापूर या दोन्ही जागा नव्या पक्षाने जिंकल्या. इचलकरंजीतून बाळासाहेब माने यांच्या स्नुषा निवेदिता माने विजयी झाल्या व २००४ मध्ये त्यांनी पुन्हा यश मिळविले. १९६७ मधील विजयमाला भोसले यांच्यानंतर या परिसरातून लोकसभेवर गेलेल्या त्या दुसऱ्या महिला होत. इचलकरंजी या नावाने झालेल्या एकूण नऊ निवडणुकांपैकी सात निवडणुका माने घराण्याने व दोन आवाडे यांनी जिंकल्या. नऊ निवडणुका आणि केवळ तीन व्यक्ती, हे या मतदारसंघाचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य मानावे लागेल.

याच सुमारास एक वेगळा प्रवाह आकार घेत होता. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला. कारखान्यांतील स्पर्धा वाढली, तसा उसाच्या दराचा प्रश्नही तीव्र झाला. शेतकरी संघटनेच्या विचारातून घडलेले शिरोळचे राजू शेट्टी २००४ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेने जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून दराची मागणी करण्याचा प्रघात रूढ केला. कारखान्याचा सभासद आता कारखान्याच्या अध्यक्षाकडे मतदार म्हणून पाहण्याऐवजी विक्रेता म्हणून पाहू लागला. मतदारसंघाच्या सीमा बदलण्यापूर्वीच तिच्या आतील नाते बदलू लागले होते.

५. २००८ ची पुनर्रचना

लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गोठविण्यात आली होती. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविण्यात आली. तथापि राज्यांतर्गत सीमा नव्याने आखण्याची मुभा देण्यात आली आणि ८७ व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आधार निश्चित झाला. २००२ च्या कायद्यान्वये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, प्रशासकीय घटकांच्या सीमा, नैसर्गिक वैशिष्ट्ये, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय यांचा विचार व्हावा, असे निकष कायद्यात होते. आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही आणि संसद किंवा विधानसभा त्यात बदल करू शकत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हे आदेश अमलात आले.

या आदेशांनी कोल्हापूर जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा १२ वरून १० आणि सांगली जिल्ह्यातील जागा ९ वरून ८ झाल्या. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव व गडहिंग्लज ही नावे विधानसभेच्या यादीतून नाहीशी झाली. शेजारचा कराड लोकसभा मतदारसंघही रद्द झाला. इचलकरंजी या लोकसभा मतदारसंघाची जागा हातकणंगलेने घेतली. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ, तर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा असे सहा विधानसभा मतदारसंघ समाविष्ट करण्यात आले. इचलकरंजी हे नाव विधानसभेपुरते उरले. चौदाव्या लोकसभेची मुदत चालू असल्याने निवेदिता माने या मे २००९ पर्यंत, कागदावर रद्द झालेल्या या मतदारसंघाच्या खासदार राहिल्या.

या बदलातील सर्वांत महत्त्वाची भौगोलिक घटना वारणा नदीशी संबंधित आहे. वारणा ही कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची बऱ्याच अंतरापर्यंत सीमा आहे. इचलकरंजी मतदारसंघ कोल्हापूर जिल्ह्यातच सामावलेला होता. हातकणंगले मतदारसंघ मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर पसरला. जी नदी सीमा होती, ती मतदारसंघाच्या पोटात आली. पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याचा शाहूवाडी-शिराळ्याचा डोंगराळ मुलूख, पूर्वेस कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठचा शिरोळचा सपाट व पूरप्रवण प्रदेश आणि मध्ये यंत्रमागांचे शहर अशी ही लांबट रचना झाली. अतिपावसाचा डोंगर आणि महापुराचे मैदान एकाच प्रतिनिधीच्या वाट्याला आले. एका अर्थाने १९५२ च्या कोल्हापूर-सातारा या जोडनावातील दोन जिल्ह्यांची जोडणी अर्धशतकाने निराळ्या रूपात परत आली, असे म्हणता येईल.

६. नावानंतरचे राजकारण

नव्या सीमांनुसार २००९ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत राजू शेट्टी यांनी निवेदिता माने यांचा ९५,०६० मतांनी पराभव केला. त्याच वेळी कोल्हापुरातून सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून निवडून आले. जिल्ह्याशी संबंधित दोन्ही जागा अशा रीतीने प्रस्थापित मोठ्या पक्षांच्या हातून निसटल्या. २०१४ मध्ये शेट्टी यांनी काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्यावर १,७७,८१० मतांनी विजय मिळविला. इचलकरंजी मतदारसंघातील दोन्ही प्रमुख घराण्यांचे माजी खासदार नव्या मतदारसंघात लागोपाठच्या दोन निवडणुकांत पराभूत झाले.

या निकालांचे श्रेय केवळ सीमाबदलाला देणे घाईचे ठरेल. ऊसदराचे आंदोलन पुनर्रचनेपूर्वीच सुरू झाले होते. २००९ मध्ये केंद्राने किमान वैधानिक दराऐवजी रास्त व किफायतशीर दराची पद्धत आणली. त्यामुळे दराचा प्रश्न राष्ट्रीय धोरणाच्या पातळीवर अधिक स्पष्ट झाला. असे असले तरी इस्लामपूर-शिराळ्याच्या ऊसपट्ट्याचा समावेश झाल्याने ऊस उत्पादकाची ओळख कोणत्याही एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रापेक्षा मोठी झाली. जुन्या मतदारसंघातील सत्ताकेंद्रांचा प्रभाव वारणेच्या पलीकडे सारख्याच ताकदीने पोहोचत नव्हता. पुनर्रचनेने चळवळ निर्माण केली नाही, परंतु चळवळीला मोकळे मैदान दिले, असा संयमित निष्कर्ष काढता येतो.

२०१९ मध्ये चित्र पालटले. शिवसेनेचे धैर्यशील माने यांनी राजू शेट्टी यांचा ९६,०३९ मतांनी पराभव केला. बाळासाहेब माने यांचे नातू आणि निवेदिता माने यांचे पुत्र असलेल्या धैर्यशील यांच्या विजयाने माने घराण्याची तिसरी पिढी लोकसभेत पोहोचली. काँग्रेस, राष्ट्रवादी काँग्रेस आणि शिवसेना असा तीन पिढ्यांत पक्षांचा प्रवास झाला. २०२४ मध्ये धैर्यशील माने यांनी शिवसेनेच्या उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे उमेदवार सत्यजित पाटील सरूडकर यांच्यावर १३,४२६ मतांनी विजय मिळविला आणि राजू शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. सरूडकर हे शाहूवाडीचे माजी आमदार. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील उमेदवार विजयाच्या इतक्या जवळ पोहोचतो, हे मतदारसंघाचा गुरुत्वमध्य सरकल्याचे लक्षण मानता येईल. मतदारसंघाचे नाव, सीमा आणि पक्ष बदलले, परंतु घराण्याचे स्थान पुन्हा प्रस्थापित झाले, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

दरम्यान २०२२ मध्ये इचलकरंजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. लोकसभेच्या यादीतून नाव गेल्यानंतर चौदा वर्षांनी शहराला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रचनेतील वरचा दर्जा मिळाला. राजकीय नकाशावरील नाव आणि शहराची प्रत्यक्ष वाढ या दोन गोष्टी एकाच दिशेने जातात असे नाही, हे यावरून दिसते.

७. कोडोलीच्या निरीक्षणस्थानावरून

पन्हाळा तालुक्याच्या पूर्व भागातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील मोठे बाजारगाव आहे. त्याला लागूनच तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने वारणानगर उभे राहिले. साखर कारखाना, दूध संघ, ग्राहक भांडार, महाविद्यालय आणि बालवाद्यवृंद अशा विविध संस्थांमुळे हा परिसर सहकाराच्या अभ्यासकांना परिचित आहे. या सहकाराचा व्यवहार नदीमुळे अडला नाही. ऊस, दूध, बाजार आणि सोयरीक यांसाठी वारणेच्या दोन्ही तीरांवरील गावांची ये-जा जुनी आहे.

राजकीय नकाशा मात्र दीर्घकाळ या ये-जा करण्याशी विसंगत राहिला. २००४ पर्यंत कोडोली पन्हाळा विधानसभा मतदारसंघात होते. २००८ मध्ये हा मतदारसंघ संपला, कोडोलीचा समावेश शाहूवाडी विधानसभा मतदारसंघात झाला आणि त्यामार्गे ते हातकणंगले लोकसभा मतदारसंघाशी जोडले गेले. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास नव्या सीमेने वारणा खोऱ्याचे दोन्ही काठ एका प्रतिनिधीखाली आणून वास्तवाला जवळ केले. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र पेच निर्माण झाला. पन्हाळ्याच्या नावाने विधानसभेत बोलणारा स्वतंत्र आमदार उरला नाही आणि खासदाराला दोन जिल्ह्यांच्या नियोजन यंत्रणांशी व्यवहार करावा लागू लागला.

कोडोलीसारख्या गावाच्या दृष्टीने मतदारसंघ रद्द होण्याचा खरा अर्थ उत्तरदायित्वाच्या धाग्याशी संबंधित आहे. प्रतिनिधीने दिलेले आश्वासन पुढच्या निवडणुकीत मतदाराने तपासावे, ही लोकशाहीतील साधी रीत आहे. सीमा बदलल्या की आश्वासन एका मतदारसंघात राहते आणि मतदार दुसऱ्या मतदारसंघात जातो. जुना खासदार नव्या मतदारांना परका असतो व नवा खासदार जुन्या कामांचे उत्तर देण्यास बांधील नसतो. लोकसंख्येचे समान वाटप करण्यासाठी पुनर्रचना आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक पुनर्रचनेत मतदाराच्या हातातील हा हिशेब एकदा पुसला जातो, याची नोंद इतिहासकाराने घेतली पाहिजे.

अभ्यासाच्या दृष्टीनेही हीच अडचण आहे. हातकणंगले मतदारसंघाची १९७१ आणि २००९ मधील मते शेजारी ठेवल्यास नाव एकच दिसते, परंतु भूभाग भिन्न असतो. उलट इचलकरंजी २००४ आणि हातकणंगले २००९ ही नावे भिन्न असली तरी त्यांत बराच भूभाग व प्रमुख उमेदवारांपैकी एक समान आहे. केवळ नावावरून केलेली तुलना दोन्ही वेळा दिशाभूल करते. यावर उपाय म्हणजे गाव हा अभ्यासाचा घटक मानणे. मतदान केंद्रनिहाय मतांची नोंद करणारा नमुना २० हा अंतिम निकालपत्रकाचा दस्तऐवज त्यासाठी उपयुक्त आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास व राज्यशास्त्र विभागांनी एकत्र येऊन आपल्या कार्यक्षेत्रातील गावांची उपलब्ध पत्रके, मतदार याद्या आणि पुनर्रचनेचे आदेश संकलित केल्यास गावनिहाय राजकीय इतिहासाचे विश्वसनीय साधन उभे राहू शकेल.

निष्कर्ष

१) इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ हा ‘कोल्हापूर-सातारा’, ‘कोल्हापूर’ व पहिला ‘हातकणंगले’ या क्रमातील एक टप्पा होता. संस्थानी प्रदेश, तालुक्याचे ठिकाण व औद्योगिक शहर अशी नावामागील तत्त्वे बदलत गेली आणि २००८ मध्ये पुन्हा तालुक्याच्या ठिकाणाचे नाव आले.

२) दोन सदस्यांच्या मतदारसंघात आणि पहिल्या हातकणंगले मतदारसंघात प्रतिनिधित्वाचे वैविध्य अधिक होते. इचलकरंजीच्या नऊ निवडणुकांत ते तीन व्यक्तींपुरते सीमित झाले. सहकाराचे दृढ झालेले जाळे हे त्याचे प्रमुख कारण दिसते.

३) मतदारसंघाला नाव शहराचे मिळाले, तरी निर्णायक शक्ती ऊसपट्ट्याकडे राहिली. नाव गेल्यावर शहराच्या प्रतिनिधित्वाची जी हानी जाणवते, तिचे मूळ नावाच्या काळातच शोधावे लागते.

४) २००८ च्या पुनर्रचनेने वारणा नदीला सीमेवरून मतदारसंघाच्या अंतर्भागात आणले. त्यामुळे ऊस उत्पादकांच्या चळवळीला व्यापक क्षेत्र मिळाले. तथापि २०१९ व २०२४ च्या निकालांवरून घराण्याधिष्ठित नेतृत्वाची पुनर्बांधणी नव्या सीमांतही होऊ शकते, हे सिद्ध झाले.

५) मतदारसंघ रद्द होतो तेव्हा नेतृत्व सहसा नवी वाट शोधते. तुटतो तो मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातील हिशेबाचा धागा. म्हणून मतदारसंघांचा इतिहास नावांच्या आधारे न लिहिता, नकाशे बदलले तरी जागचे न हलणाऱ्या गावांच्या आधारे लिहिला जाणे आवश्यक आहे. पुढील पुनर्रचनेच्या वेळी असा गावनिहाय इतिहास हाताशी असल्यास सीमा आखणाऱ्यांना आणि त्या सीमांत राहणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.